दिवाळीले येजो

इंदुताईंना वर्षातून दोनदा रजा घ्यावीशी वाटे. एकदा मे महिन्यात, कूलरची टाकी कोरडी पडली की. आणि एकदा दिवाळीच्या आधी, विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा आल्या की. दोन्ही वेळा त्या घेत नसत. रजा घेऊन जायचं कुठे, हे काही ठरत नसे. आईवडील कधीचे गेलेले, भाऊ जबलपूरला. भावजय पत्राच्या शेवटी 'या एकदा' असं लिहायची, पण कधी ते लिहायला दर वेळी विसरायची.

म्हणून त्या आपल्या दवाखान्यात. नागपूरची वस्ती संपते तिथून पुढे, एका ट्रस्टनं चालवलेलं ते मनोरुग्णालय. फाटकाशी दोन जुनी चिंचेची झाडं होती, त्यामुळे रिक्षावाले त्याला 'चिंचवाला पागलखाना' म्हणत. औषधं द्यायला डॉक्टर होते. इंदुताई तिथल्या मानसशास्त्रज्ञ. त्या रुग्णांशी बोलत, चाचण्या घेत आणि विद्यापीठातून येणाऱ्या पीएच.डी.च्या मुलामुलींना हाताखाली घेऊन शिकवत. ही मंडळी जाडजाड पुस्तकं पचवून येत आणि पहिल्याच दिवशी एखाद्या पेशंटनं "काहून आला बे?" असं विचारलं की घाम पुसत व्हरांड्यात येऊन उभी राहत. वर्षभर त्यांनी पेशंटजवळ बसायचं, दर शुक्रवारी इंदुताईंना सगळं सांगायचं, आणि शेवटी बाहेरगावचे परीक्षक येऊन त्यातली एक केस ऐकून घेणार. त्यांनी मान हलवली तर प्रबंध पुढे सरकणार.

नव्या मुलांना इंदुताई पहिल्या दिवशी तेच सांगत. "खुर्ची दोन हात लांब ठेवायची. पेशंटच्या हातचं घ्यायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही, आपलं घर कुठे ते सांगायचं नाही. माया लावू नका असं मी म्हणत नाही. पण ती खुर्चीवर बसून लावा, खाटेवर बसून नको." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता सांगता सांगता संध्याकाळी कोणती भाजी करायची याचा विचार करता येई.

त्या वर्षीची विद्यार्थिनी चंद्रकला. पाचपावलीतल्या विणकराच्या घरातली. वडील ईश्वरदास अजून घरच्या मागावर लुगडी विणत, भाऊ मिलमध्ये लागलेले. चंद्रकला मागाच्या खटखटीत वाढलेली, म्हणून बोलायची मोठ्यानं. पेशंटना वाटायचं, ही आपल्यावर रागावली. इंदुताईंचे पहिले दोन महिने तिला हळू बोलायला शिकवण्यातच गेले, आणि तेही काही साधलं नाही.

तिच्या वाट्याला आलेली केस म्हणजे सुभद्रा. भिवापूरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची सून. तान्हं लेकरू गेलं तशी ही बोलायची थांबली. मग जेवायची थांबली. मग एक दिवस अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या मधोमध जाऊन बसली ती उठेचना. डोळ्यांतून पाणी वाहतंय, अंगाची आग होतेय, तरी उठेना. नवरा रुपराव, त्यानं उचलून बैलगाडीत घातली आणि तिथून एसटीनं इथं आणली. चंद्रकला कितीतरी दिवस तिच्यासमोर दोन हातांवर खुर्ची ठेवून बसत होती. सुभद्रा भिंतीकडे तोंड करून. एका दुपारी भिंतीकडूनच आवाज आला, "तुमचा आवाज लय मोठा आहे वं बाई."

चंद्रकला धावतच इंदुताईंकडे आली. "बाई, बोलली! मला बोलली!"

"ऐकू आलं," इंदुताई म्हणाल्या. "तिचं नाही, तुझं."

मग हळूहळू सुभद्रा बोलायला लागली, खायला लागली, लेकराचं नाव घेऊन रडायला लागली. वैशाखात डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. रुपराव घ्यायला आला. त्या दिवशी ऊन असं, की चिंचेखालची कुत्रीसुद्धा सावली बदलायचा कंटाळा करत होती. इंदुताई टेबलाशी ओला रुमाल डोक्याला लावून बसल्या होत्या. चंद्रकला दारात आली, हातात पिशवी.

"बाई, ती निघाली. माय नाही, बाप नाही. भाऊ आहे, तर पागल बहीण नको म्हणून त्यानं दार लावून घेतलं. अशी रिकाम्या पदरानं पाठवायची का तिला?"

पिशवीत नारळ होता, तांदूळ होते, आणि ईश्वरदासांच्या मागावरचं एक हिरवं लुगडं. काठात एक धागा चुकलेला, त्यामुळे व्यापाऱ्यानं परत केलेलं. इंदुताईंनी पिशवीकडे पाहिलं. नियम सांगायला तोंड उघडायचं, तर जीभ टाळूला चिकटलेली. "कर काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

चंद्रकलेनं वॉर्डाच्या पायरीवर सुभद्रेची ओटी भरली. हळदीकुंकू लावलं. आणि सासरी निघालेल्या लेकीला जे म्हणतात, जे म्हणताना कुणी विचार करत नाही, तेच ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "दिवाळीले येजो वं बाई."

वॉर्डातल्या सगळ्या जणींनी ऐकलं. रुपरावानं ऐकलं. इंदुताईंनीही ऐकलं, आणि रुमाल उलटा करून पुन्हा डोक्यावर ठेवला.

*

दिवाळीला आठवडा राहिला होता. परीक्षक पुण्याहून येणार होते, चंद्रकलेची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि इंदुताई तिच्याकडून उजळणी करून घेत होत्या. केस अर्थातच सुभद्रेची. सहा महिने झाले, घरी नांदतेय, परत आजार नाही. चंद्रकलेची मांडणी चांगली बसली होती. एवढ्यात वॉर्डातल्या आया जनाबाई दारात आल्या. पदर तोंडावर धरलेला. हसू दाबतात की काय ते कळेना.

"बाई, तुमची पोरगी आली."

"कोणती?"

"दिवाळीची."

फाटकाच्या आत, चिंचेखालच्या ओट्यावर सुभद्रा बसली होती. अंगावर तेच हिरवं लुगडं. शेजारी कापडी पिशवी आणि एक गाठोडं. केस तेल लावून चापून बसवलेले. चंद्रकलेला पाहून ती उठली, गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य बोलली ते तक्रारीचं.

"किती वाट पाहिली वं! कोणी घ्यायलेच नाही आलं. मंग मीच आली."

चंद्रकला पांढरी पडली. इंदुताईंनी ओट्याच्या कडेवर बूड टेकलं. पाहायचं ते पाहायला हवंच होतं. नजर स्वच्छ आहे का, बोलणं सुसंगत आहे का, रात्री झोप लागते का.

"सुभद्रा, आज वार कोणता?"

"बेस्तरवार." सुभद्रेनं त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. "काहून बाई, तुमच्या ध्यानात नाही राहत का आता?"

जनाबाईंना हसू आवरेना. इंदुताईंनाही हसू आलं असतं, पण पुढचं ऐकून ते आलं नाही. सुभद्रा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत सांगत होती.

"सासू म्हणे, लय माहेर-माहेर करून राहिली तं जाय. पागलखान्यात कोनाचं माहेर राहते का? पाहू, पाटावर बसवतात का खाटेले बांधतात. सगळा गाव हासला माह्यावर. म्हणे, भरती करून घेतलं तं वापस येऊ नको. उमरेडची एक पोरगी पाहून ठेवली यायच्या दुसऱ्या लग्नासाठी."

"आणि हे? हे काय म्हणाले?" इंदुताईंनी विचारलं. हे म्हणजे रुपराव.

"हे का म्हणतीन? हे चूप. पण एसटीत बसवून देल्लं. भाऊबीज झाली की घ्यायले येतो म्हणे." ती थांबली. "मी म्हणलं, माहेरी तं माहेरी. मी काही खोटं बोलली का? बाईनं सगळ्याइच्या समोर म्हणलं होतं."

चंद्रकलेनं खाली मान घातली.

बातमी सुपरिंटेंडेंट साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. साहेब जबलपूरकडचे, मनानं वाईट नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट त्यांना एका रकान्यात बसलेली लागे.

"इंदुबाई, इसमें सोचना क्या है? पेशंट अपने आप वापस आई. रिलॅप्स. भरती करा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर एसटीत बसवून द्या. ही काही धर्मशाळा नाही."

भरती केली तर सासू जिंकली. परत पाठवली तरी सासूच जिंकली. इंदुताईंना एकदम असा थकवा आला, की त्यांनी न विचारता साहेबांच्या समोरची खुर्ची ओढून घेतली.

"साहेब, ती पेशंट नाही. तपासलं मी. पाहुणी आहे."

"पाहुणी? किसकी?"

चंद्रकलेनं तोंड उघडलं. आता ती 'माझी' म्हणणार, आणि उद्या सकाळी परीक्षेच्या खोलीत सगळं संपणार, हे इंदुताईंना दिसलं. "माझी," त्या म्हणाल्या. आणि साहेबांनी भुवया उंचावल्यावर, "दिवाळीला बोलावली होती. माझ्याकडे राहील."

बाहेर व्हरांड्यात चंद्रकला त्यांच्या मागे धावली. "बाई, चूक माझी आहे. मी नेते तिला घरी. आमच्याकडे मागाखाली अंथरूण टाकू."

"चूक तुझीच आहे. पण तू विचारलंस आणि मी 'कर' म्हटलं. सुपरवायजर म्हणजे दुसरं काय असतं? तू तिला घरी नेलीस तर उद्या तुझं वर्ष गेलं. मी काही परीक्षेला बसलेली नाही. जा, एक सायकलरिक्षा बघ. आणि हळू बोल."

*

धरमपेठेत वरच्या मजल्यावर इंदुताईंच्या दोन खोल्या होत्या. एक खाट, एक आरामखुर्ची, बाकी पुस्तकं. जिना चढून वर येईपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. सुभद्रेनं गाठोडं सोडून लाल मिरच्या ओट्यावर ओतल्या. भिवापूरच्याच, टपोऱ्या. साऱ्या घरात खकाणा भरला, दोघी शिंकल्या. मग सुभद्रा खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि इकडेतिकडे पाहू लागली. इंदुताईंना वाटलं, ही आता पदर खोचून विचारेल, स्वयंपाकाचं काय. कुठल्याही बाईनं विचारलं असतं.

सुभद्रा बसूनच राहिली.

शेवटी इंदुताईंनी स्टोव्ह पेटवला. चहा केला. पोळ्या लाटल्या, त्या नेहमीप्रमाणे कुठल्यातरी देशाच्या नकाशासारख्या झाल्या. सुभद्रेनं पोटभर खाल्लं, ताट सरकवलं आणि समजावून सांगितलं, "माही माय म्हने, माहेरी आलेल्या पोरीनं चुलीकडे पाहू नाही. सासरी आहेच न."

"बरोबर म्हणायची," इंदुताई ताट उचलत म्हणाल्या.

मग सुभद्रा झोपली. संध्याकाळपासून जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी इंदुताई दवाखान्यात जायला निघाल्या तरी उठली नाही. इंदुताई चपला हातात धरून तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. एवढी झोप म्हणजे काय, त्याला पुस्तकात एक नाव होतं, आणि चांगलं नव्हतं. त्यांनी श्वास ऐकला. चेहरा पाहिला. कपाळावरची आठी गेली होती, तोंड किंचित उघडं होतं, एक पाय बिनधास्त पांघरुणाबाहेर. त्यांनी पोळ्या झाकून ठेवल्या, घागर भरून ठेवली आणि दार नुसतं ओढून घेतलं. बाहेरून कडी घालायला हात गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. इथं कडी घालायची नाही.

*

परीक्षक सभ्य गृहस्थ होते. नीट विंचरलेले पांढरे केस, समोर पाण्याचा ग्लास झाकलेला. चंद्रकलेनं केस सांगितली. लेकरू, मिरच्या, भिंत, पहिलं वाक्य. आवाजसुद्धा बेताचा ठेवला. परीक्षकांनी दोनतीनदा 'छान' म्हटलं. इंदुताई कोपऱ्यात बसून, संपलं एकदाचं, असं मनात म्हणत होत्या.

"आणि पाठपुरावा? आत्ता पेशंट कुठे आहे?"

सासरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पाठ केलेलं वाक्य होतं आणि कालपर्यंत खरंही होतं. चंद्रकलेनं इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं. सांग असंही त्या म्हणणार नव्हत्या, सांगू नको असंही नाही.

"माहेरी आहे, सर," चंद्रकला म्हणाली.

"तुम्ही तर म्हणालात, तिला माहेर नाही."

मग चंद्रकलेनं सगळं सांगितलं. ओटी, लुगडं, दिवाळीचं वाक्य, सासूची पैज. बोलता बोलता आवाज पुन्हा आपल्या मूळ पट्टीत गेला. परीक्षकांनी चष्मा काढला.

"अहो बाई, ही क्लिनिकल केस आहे की हळदीकुंकू? पेशंट तुमच्यात नातं शोधते, याबद्दल वाचलं आहे ना तुम्ही? त्याचं काय करायचं असतं? समजून घ्यायचं असतं. त्याची ओटी भरायची नसते."

"हो सर."

"तुमच्या सुपरवायजरना हे माहीत होतं?"

"होतं," इंदुताई कोपऱ्यातून म्हणाल्या. "मीच हो म्हटलं. पेशंट सध्या माझ्या घरी झोपली आहे."

पाल भिंतीवरून सरकली. मग परीक्षकांनी निकाल दिला. नापास म्हणत नाही, कारण मुलगी खरं बोलली. पण वर्ष पूर्णही धरता येणार नाही. आणखी सहा महिने देखरेखीखाली काम करावं. "आणि या वेळी," ते इंदुताईंकडे वळून म्हणाले, "देखरेख जरा डोळे उघडे ठेवून व्हावी."

ते खरंच होतं.

कॅन्टीनमध्ये चंद्रकला रडली. ती रडायचीही मोठ्यानं. इंदुताईंनी तिच्यापुढे चहा सरकवला.

"सासरी आहे म्हणाली असतीस तर सुटली असतीस. कळलं नसतं त्यांना."

"कसं म्हणू, बाई?" चंद्रकलेनं नाक पुसलं. "म्हणजे तिला लपवलंच असतं ना मी. माहेरी आलेल्या पोरीला कोणी लपवून ठेवते का?"

इंदुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. वर्षभराच्या शुक्रवारांत त्यांनी या मुलीला हे शिकवलेलं नव्हतं. "चहा पी," त्या म्हणाल्या. "थंड होऊन राहिला."

*

सुट्टी लागली. इंदुताईंनी कित्येक वर्षांनी बेसनाच्या कढईशी दोन हात केले. लाडू वळेनात, करंज्या तेलात फुटून सारण बाहेर पोहायला लागलं. सुभद्रा खाटेवरून सूचना द्यायची. "आच कमी करा वं बाई. आता उलटवा. अरे देवा." पण उठली नाही. इंदुताईंना दोनदा राग आला, आणि दोन्ही वेळा मध्येच कुठेतरी विरून गेला. दुपारी त्या आरामखुर्चीत मिटल्या डोळ्यांनी पडत आणि सुभद्रा खाटेवर, आणि मधल्या भिंतीशी मिरच्यांचा वास. कुणी कुणाला मनातलं काही विचारत नसे. एकदा सुभद्रा आपणहून म्हणाली, "तिथं झोपलं की सासू म्हणते, आलं पागलपण. जागं राहिलं तरी म्हणते, आलं पागलपण. मी लय थकली, बाई."

"मीसुद्धा," इंदुताई म्हणाल्या. हे उत्तर कुठल्याच पद्धतीत बसणारं नव्हतं. पण सुभद्रा हसली आणि कूस बदलून झोपली.

भाऊबीजेला संध्याकाळी चंद्रकला आली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणून तिनं ताट तयार केलं. सुभद्रा गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली, निरांजन हातात. चंद्राची बारीक कोर दिसत होती.

"मले भाऊ आहे," ती म्हणाली. "जित्ता भाऊ असताना चंद्राले काहून ओवाळू?"

"मग नको ओवाळू," चंद्रकला म्हणाली.

सुभद्रेनं थोडा वेळ विचार केला. मग ओवाळलं. "त्याच्याच नावानं," म्हणाली. "त्याले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात रुपराव. धुतलेलं धोतर, टोपी, वहाणा हातात. तो आधी दवाखान्याच्या फाटकाशी गेला होता. तिथं जनाबाईंनी त्याला बजावलं होतं, "इथं काहून आले? इथं पेशंट राहते. तुमची बायको तिच्या माहेरी आहे, धरमपेठेत." पत्ता सांगितला होता आणि वर, जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, असंही. म्हणून त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी होती.

इंदुताईंना काय म्हणून हाक मारावी हे त्याला ठरवता येईना. म्हणून तो प्रत्येक वाक्याआधी नुसता खाकरायचा.

"अं... भरती नाही केली न?"

"कशाला करू? बरी आहे ती. दिवाळीला आली होती."

तो दाराच्या चौकटीला हात धरून उभा राहिला. एवढा ताठ आलेला माणूस एकदम ढिला पडल्यासारखा झाला. "घरी विचारतीन," तो म्हणाला. "का सांगू?"

"जे दिसतंय ते सांगा. आधी बसा. पाट मांडलाय."

पाट मांडला होता. चंद्रकलेनं भोवती रांगोळीसुद्धा काढली होती, तिरकी. रुपराव जेवला. फुटक्या करंज्या त्यानं मान खाली घालून तीनतीनदा मागितल्या, सुभद्रा दाराआडून पाहत होती म्हणून की खरंच आवडल्या म्हणून, कोण जाणे. जाताना त्यानं इंदुताईंना वाकून नमस्कार केला. पन्नाशी उलटून गेल्यावर, लग्नाचा सोपस्कार न करता, आपल्याला जावई झाला, हे इंदुताईंच्या तेव्हा लक्षात आलं.

ओटी त्यांनीच भरली. या वेळी चंद्रकलेनं वडिलांकडून लुगडं आणलं होतं ते काठात न चुकलेलं. ईश्वरदासांनी म्हणे मुद्दाम त्यासाठी चार दिवस माग सोडला नव्हता. सुभद्रेनं पदर सावरला, कुंकू लावून घेतलं. आणि निघाली नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभीच राहिली. रुपराव खाली पोचला होता. त्यानंही वर पाहिलं.

ती वाक्याची वाट पाहत होती.

इंदुताईंना कळलं. ते वाक्य बोललं की काय होतं, हे आता या घरात सगळ्यांना माहीत होतं. बोललं तर ती येणार. पुन्हा येणार, आणि पुन्हा, आणि इंदुताईंचे गुडघे काही तरुण होणार नव्हते. न बोललं तर खाली उभा असलेला माणूस घरी जाऊन काय सांगणार, 'जेवू घातलं आणि वाटेला लावलं'? त्यांनी जिन्याच्या कठड्याला धरलं.

"उन्हाळ्यात ये," त्या म्हणाल्या. आवाज खालपर्यंत जायला हवा, म्हणून जरा मोठ्यानं. "कैऱ्या येतील तेव्हा. आणि एकटी येऊ नकोस. चंद्रकला घ्यायला येईल."

"मी?" चंद्रकला म्हणाली.

"तुझे सहा महिने वाढलेत ना? त्यात पेशंटच्या गावी जाऊन भेटायचं असतं, सासूशी बोलायचं असतं, सुनेला किती झोपू देते ते पाहायचं असतं. पाठपुरावा म्हणतात त्याला. भिवापूरची एसटी किती वाजता सुटते ते बघून ठेव."

सुभद्रा हसली. मग तोंडाला पदर लावून उतरली, मागे न बघता, सासरी निघालेली लेक उतरते तशी. खाली रुपरावानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. रिकामं नव्हतं ते; लाडू होते, न वळलेले.

इंदुताई आत आल्या. खाटेवरचं पांघरूण विस्कटलेलंच होतं. चंद्रकला ते उचलायला गेली, तर त्यांनी हातानं थांबवलं, चपला काढल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या. ऊब अजून होती.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. शुक्रवारी वेळेवर ये. केस पहिल्यापासून सांगायची आहे, आणि खरी सांगायची आहे." त्यांनी डोळे मिटले. "आता चहा कर. मी उठणार नाही."

चंद्रकला स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग डबे उघडल्याचे, मग एक शिंक.

"बाई, साखर कुठं ठेवता?" तिनं विचारलं, साऱ्या धरमपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात.

इंदुताईंना झोप लागली होती.